परदेशगमनापूर्वीचे शिक्षण आणि मान्यतेचा प्रश्न

रायपुरातील तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी या वस्त्यांतील मराठी कुटुंबांना नोकरीसाठी मुलूख सोडणे नवे नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढे मध्यप्रांताच्या इंग्रजी कारभारात ज्यांचे पूर्वज छत्तीसगडात आले, त्यांतले कितीतरी जण मोडी लेखन, हिशेब आणि महसुली कामकाज यांचे ज्ञान घेऊन आले, आणि येथील कचेऱ्यांना नेमके तेच ज्ञान हवे होते म्हणून येथे स्थिरावले. आज त्याच घरांतील मुलेमुली जर्मनी, ब्रिटन वा आखाताची वाट धरत असताना, तिकडच्या कचेरीला काय हवे आहे याची चौकशी मात्र फी भरून झाल्यावर सुरू होते, ही गोष्ट मला अत्यंत चिंताजनक वाटते.

वस्तुतः अभ्यासक्रमाची निवड उलट्या क्रमाने व्हावयास हवी. ज्या देशात जायचे, तेथे आपल्या व्यवसायाचा परवाना कोण देतो, त्याची परीक्षा कोणती, आणि भाषेची कोणती पातळी तो मागतो, हे त्याच्याच अधिकृत नियमांतून आधी पाहावे आणि मगच येथल्या क्लासची पायरी चढावी. ब्रिटनमध्ये परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीला तेथील नर्सिंग परिषदेकडे नोंदणी करावी लागते; त्यासाठी आयईएलटीएस वा ओईटी ही भाषेची परीक्षा, त्यानंतर संगणकावरील परीक्षा आणि शेवटी ब्रिटनमध्येच द्यावयाची प्रात्यक्षिक परीक्षा अशी वाट ठरलेली आहे. या वाटेवर ज्याचा कोठेही विचार होत नाही, असे ‘परदेशी रुग्णसेवा’ या नावाचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र कितीही सुबक छापलेले असले, तरी त्या नोंदणीत त्याचे मोल शून्य. जर्मनीत तर पदवीची समकक्षता ठरवून घेण्याबरोबरच परिचारिकेला सामान्यतः बी२ पातळीची जर्मन यावी लागते, आणि ती पातळी गाठण्यास दीर्घ, चिकाटीचा अभ्यास लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा भाषेच्या शिक्षणाला त्यात महत्त्वाचे स्थान मिळाले, ते उगाच नव्हे.

उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांत घडलेल्या आमच्या वेल्डरांची गोष्ट याहून वेगळी आहे. आखातातील तेल-वायूच्या कामावर घेताना त्यांच्याकडून बहुधा ४५ अंशांत तिरक्या बसवलेल्या नळीचा जोड, म्हणजे ६जी, प्रत्यक्ष करवून घेतला जातो, आणि मग त्या जोडाची क्ष-किरणांनी वा वाकवून तपासणी होते. आयटीआयचा दाखला अवश्य हवा. परंतु हात तयार करून घेणारी कार्यशाळा, पुरेशा नळ्या आणि इलेक्ट्रोड देणारा शिक्षक, हीच येथे खरी विद्या. फलकावर वातानुकूलित वर्गाचे छायाचित्र लावणाऱ्या संस्थेत एका विद्यार्थ्याला आठवड्याला किती जोड करावयास मिळतात, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

दलालाचेही तसेच. परवानाधारक भरती-अभिकर्त्याने कामगाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच आहे, आणि त्याची नोंदणी शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. तरीही ‘प्रशिक्षण शुल्क’ या नावाखाली लाखांची रक्कम मागितली गेली, तर जमीन गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी त्या रकमेचा तपशील लेखी मागावा.

छत्तीसगडने २०१३ साली तरुणांना कौशल्य-प्रशिक्षणाचा हक्क कायद्याने दिला; मागणी केल्यापासून ९० दिवसांत प्रशिक्षणाची संधी मिळावी, हे त्याचे सार. या हक्काखालील अभ्यासक्रमांत जर्मन भाषा आणि नळी-वेल्डिंगची उच्च पातळी यांना स्थान मिळावे, अशी मागणी रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाने शासनाकडे करावी. आणि परदेशी नोकरी करून परतलेल्या आपल्याच सभासदांना आठवड्यातून एक संध्याकाळ बसवून, येणाऱ्या प्रत्येक पालकाचे कागद फी भरण्याआधी विनामूल्य तपासून द्यावेत.