धबधब्याची वाट कोणाची?

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांतून एक आदेश नेमाने बाहेर पडतो. अमुक धबधब्याच्या परिसरात जाण्यास, पाण्यात उतरण्यास, घोळक्याने जमण्यास मनाई. पूर्वी असा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. कलम बदलले, वृत्ती तीच राहिली. दंगलीची शक्यता असलेल्या चौकासाठी राखून ठेवलेले शस्त्र मुलाबाळांसह डोंगर चढणाऱ्या कुटुंबावर उगारले जाते. या विसंगतीकडे आपण कार्यकर्त्यांनीही फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही, कारण सहल हा विषय आपल्याला फावल्या वेळचा वाटतो. तो फावल्या वेळाचाच विषय आहे, आणि म्हणूनच तो समाजवाद्यांचा विषय आहे.

फावला वेळ कामगाराला कोणी दान दिलेला नाही. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी सतत सहा वर्षे मागणी लावून धरली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे आपल्या राज्यघटनेने ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाच्या जोडीला फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी यांचाही उल्लेख केला. म्हणजे श्रमिकाला पोटापुरते मिळाले की राज्याचे कर्तव्य संपले, असे घटनाकारांनी मानलेले नाही. रविवार मिळाला, पण त्या रविवारी आईबाप, मुले आणि म्हातारी आजी यांनी एकत्र जायचे कोठे, हा प्रश्न मात्र आपण अनुत्तरित ठेवला आहे.

ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांच्यापुरते याचे उत्तर सोपे आहे. त्यांच्यासाठी जलक्रीडा उद्याने आहेत, डोंगरउतारावरील विश्रामगृहे आहेत, कुंपणाआडचे खाजगी धबधबेसुद्धा आहेत. मानखुर्द किंवा गोवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबासाठी मात्र हार्बर मार्गाची लोकल आणि खारघरचा डोंगर एवढेच जवळचे आहे. त्या डोंगरातला पांडवकडा सुमारे शंभर मीटर उंचीवरून कोसळतो. त्याच्या दर्शनाला गिर्यारोहकाचे कौशल्य लागत नाही. पायथ्याकडून थोडी चढण, थोडे सपाट रान आणि दूरवरूनच ऐकू येणारा पाण्याचा घोष, अशी ती वाट आहे. परंतु वर्षानुवर्षे पावसाळ्यात तेथे प्रवेशबंदी असते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने गोल्फचे मैदान उभारले आहे. मूठभरांच्या चेंडूसाठी जमीन, पाणी, हिरवळ आणि ती राखणारी माणसे यांची तजवीज होऊ शकली. हजारोंच्या वाटेसाठी मात्र शासनाला एक फलक आणि एक पोलीस चौकी एवढेच सुचले.

बंदीमागचे कारण खोटे आहे, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. ६ जुलै २०१९ रोजी याच परिसरात चार विद्यार्थिनी पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण डोळ्यांदेखत वाहून गेले. त्यांत चार मुले होती. या मृत्यूंकडे आकडे म्हणून पाहता येणार नाही. परंतु ते कसे घडतात हे समजून घेतल्याशिवाय ते टाळता येणार नाहीत. सह्याद्रीचा कातळ पाणी फारसे शोषत नाही, त्यावर मातीचा थरही पातळ असतो. वरच्या पठारावर जोराची सर कोसळली की ते सारे पाणी काही मिनिटांत खालच्या अरुंद घळीत उतरते. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी ऊनही असू शकते. पाणी अकस्मात गढूळ होणे, पाचोळा आणि काटक्या वाहून येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे, ही त्याची पूर्वचिन्हे होत. डोंगरातल्या ठाकर-कातकरी मुलाला ती ठाऊक असतात. शहरातल्या मुलाला ती कोणी शिकवलेली नसतात.

मग बंदीने काय साधते? जे कायदा पाळतात, ते घरी राहतात. म्हणजे बहुतेक वेळा सावध आई, वृद्ध माणसे आणि लहान मुले. जे पाळत नाहीत, ते चौकी चुकवून आडवाटेने वर जातात, आणि त्या आडवाटेवर दोर नसतो, रक्षक नसतो, हाकेला ओ देणारे कोणी नसते. बंदीमुळे धोका नाहीसा होत नाही, तो नजरेआड होतो. दुर्घटना घडलीच, तर ‘आम्ही मनाई केली होती’ असे म्हणून अधिकारी मोकळे होतात. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीसह कोसळला आणि चार माणसे मेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. पूलही तसाच उभा होता. फलक लावणे म्हणजे कर्तव्य पार पाडणे, ही नोकरशाहीची समजूत माणसांच्या जिवावर बेतते, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता?

आपली मागणी नुसती ‘बंदी उठवा’ अशी असता कामा नये. ती ‘वाट बांधा आणि वाट राखा’ अशी असली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात शहराजवळचे, चढणीला सोपे असे मोजके धबधबे निवडावेत. तेथवरची पाऊलवाट आखावी, निसरड्या कातळावर पायऱ्या आणि कठडे करावेत. पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, जेथून धबधबा डोळे भरून पाहता येईल अशी जागा बांधावी आणि तिच्या पुढे कोणी जाऊ नये म्हणून माणूस नेमावा. वरच्या पठारावर पावसावर नजर ठेवणारा दुसरा माणूस आणि त्याच्या हाती भोंगा असावा. हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी वाट बंद ठेवावी. सबंध मोसम ती बंद ठेवण्याचे कारण नाही. स्त्रियांसाठी शौचालय आणि कपडे बदलण्याची खोली असावी, कारण त्यांच्या अभावी सहलीचा आनंद पुरुषांपुरताच उरतो. रविवारी पायथ्यापर्यंत एस. टी. जावी. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे. या सवलतीचा उपयोग माहेर आणि बाजार यांपलीकडेही व्हावयास हवा.

ही कामे करणारी माणसे बाहेरून आणण्याची गरज नाही. डोंगरातील पाड्यांवर राहणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण देऊन, विमा उतरवून, पुरेशा वेतनावर नेमावे. त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट राबवणे हे शोषणच होय. जेथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मान्य झाले आहेत, तेथे व्यवस्थेचे सूत्र ग्रामसभेच्या हाती असावे. ठेकेदाराला प्रवेशद्वार विकून टाकण्याची सूचना लवकरच पुढे येईल. तिला आताच विरोध केला पाहिजे, कारण ठेकेदाराच्या तिकिटाने धबधबा सुरक्षित होईल की नाही हे सांगता येत नाही, पण तो गरिबाला दुरावेल हे निश्चित.

डोंगरावर राहणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. शहरातून येणारी टोळकी भाताची खाचरे तुडवतात, बाटल्या फोडतात, पिण्याच्या पाण्यात घाण करतात, पाड्यावरच्या स्त्रियांना उपद्रव देतात. हा हक्काचा उपभोग नव्हे, ही दुसऱ्याच्या अंगणातील अरेरावी आहे. ज्या वाटेवर आपला हक्क सांगायचा, तिच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा मान राखणे, ही त्या हक्काची पहिली अट होय.

इंग्लंडातही डोंगराची वाट सामान्यांना सहजी मिळाली नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर व शेफील्डकडील शेकडो तरुण श्रमिक किंडर स्काउट या पठारावर मनाई मोडून चढले. किंडर डाउनफॉल हा धबधबा याच पठाराच्या कड्यावरून कोसळतो. जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते रान राखून ठेवले होते. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. तथापि १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली तोच प्रदेश ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला आणि २००० साली मोकळ्या रानात पायी फिरण्याचा हक्क कायद्याने व्यापक केला. चालण्याचा हक्कही लढूनच घ्यावा लागतो, हा त्याचा बोध आहे.

आपल्या शाखांनी याचा आरंभ करावा. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील एक सोपी वाट कार्यकर्त्यांनी स्वतः चालून पाहावी, पाड्यावरील लोकांशी बोलावे, धोक्याच्या जागांचा नकाशा करावा आणि खर्चाच्या अंदाजासह तो जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावा. मनाईच्या आदेशाला उत्तर द्यायचे, तर हातात असा नकाशा हवा. पाऊस पडावयास लागल्यावर निवेदने देण्यात अर्थ नाही. हे काम उन्हाळ्यात, ओढे कोरडे असतानाच झाले पाहिजे.