स्मृतीचा वेग वाढवावा काय?



परवा तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, संगणकातल्या रॅमचा वेग एक पैसाही खर्च न करता वाढवता येतो म्हणतात. वाढवू का?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मी स्वतः एकदा चुकून शिकलो आहे.

रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृती. तिच्यातील प्रत्येक बिट एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर यांत साठवलेला असतो. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले. कपॅसिटरमध्ये विद्युतभार आहे की नाही, यावरून १ आणि ० ओळखतात. पण हा कपॅसिटर म्हणजे झिरपणारे मडकेच होय. त्यातील भार सतत गळतो, म्हणून डीडीआर-४ स्मृतीत साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढले की गळतीही वाढते.

भार भरण्यास आणि ओळखण्यास काही वेळ लागतो. उन्हाळा असो वा भाग जुना झालेला असो, काम बिनचूक व्हावे म्हणून उत्पादक हा वेळ थोडा सढळ हाताने धरतात. ही राखीव सवलत वापरून ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने स्मृती चालवणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

आता लाभाचा हिशेब करू. '३२००' असे लिहिलेल्या डीडीआर-४ पट्टीच्या घड्याळाचे सेकंदाला १६० कोटी ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून आकडा ३२००. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. मागितलेली माहिती येण्यास १६ ठोके लागत असतील, तर वाट पाहण्याचा काळ १० नॅनोसेकंद झाला. आता वेग ३६०० केला, पण त्यासाठी १६ ऐवजी १८ ठोके द्यावे लागले, तर? एक ठोका सुमारे ०.५५६ नॅनोसेकंदाचा, त्याला १८ ने गुणा. पुन्हा १० नॅनोसेकंदच! माहितीचा ओघ साडेबारा टक्क्यांनी वाढला हे खरे, पण पहिला थेंब येण्यास लागणारा वेळ तोच राहिला.

शिवाय संगणकाचा सगळा वेळ काही स्मृतीची वाट पाहण्यात जात नाही. समजा, १०० सेकंदांच्या कामात २० सेकंद स्मृतीसाठी जातात आणि तेवढा भाग साडेबारा टक्के वेगवान झाला. मग २० चे सुमारे १७.८ होतील. एकूण बचत जेमतेम सव्वादोन सेकंद! ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, त्यात खेळ खेळताना लाभ अधिक जाणवतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथेही एका पट्टीऐवजी जोडीने दोन पट्ट्या बसवणे हा अधिक सुरक्षित उपाय आहे.

आता धोका. काही वर्षांपूर्वी मी घरच्या संगणकाची स्मृती ३२०० वरून ३६०० वर नेली. त्यासाठी तीन संध्याकाळी खर्ची पडल्या, विद्युतदाबही थोडा वाढवला. थंडीचे दिवस होते. तासाभराची चाचणी निर्दोष पार पडली आणि मी खूश झालो. मे महिन्यात एका विद्यार्थिनीने तीन आठवडे घेतलेल्या तापमानाच्या नोंदी मी त्याच संगणकावर एका फाइलमध्ये आकुंचित करून ठेवल्या आणि मूळ नोंदी पुसल्या. नंतर ती फाइल उघडेना. रात्रभर चाचणी लावली, तेव्हा चुका दिसल्या. वेग पुन्हा ३२०० वर आणताच एकही चूक आली नाही. मुलीला सगळी निरीक्षणे पुन्हा घ्यावी लागली. ती काही बोलली नाही. मला मात्र तिच्याकडे पाहवेना.

एका बिटाने काय बिघडते, असे वाटेल. ३५ ही संख्या द्विमान पद्धतीत १०००११ अशी लिहितात. त्यातील डावीकडचा एकच १ पुसला गेला तर उरतात ३! उत्तीर्ण झालेला विद्यार्थी एका क्षणात अनुत्तीर्ण. संगणक बंद पडला तर निदान चूक कळते. येथे तो चुकीचे उत्तर तितक्याच ठामपणे देतो. मोठ्या सर्व्हरमध्ये अशा चुका पकडणारी खास स्मृती वापरतात. आपल्या घरच्या संगणकात ती सहसा नसते.

मग हा प्रयोग करूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. उष्णता, विद्युतभार आणि काळ यांचे नाते समजण्यास तो उत्तम आहे. मात्र संगणक तुमचा स्वतःचा आणि जुना असावा, त्यात कोणाचेही महत्त्वाचे काम नसावे. विद्युतदाब वाढवू नये, कारण त्याने प्रोसेसरलाही इजा होऊ शकते. चाचणी रात्रभर चालवावी आणि उन्हाळ्यात पुन्हा करावी. शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकाला तर हात लावू नये. शिक्षकांनीही यावर लक्ष ठेवावे, ही विनंती.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: "शिकण्यासाठी जरूर कर, सव्वादोन सेकंदांसाठी करू नकोस." मोजमापात वेगापेक्षा अचूकतेला मान अधिक. पटत नसेल, तर वरचा हिशेब आपल्या संगणकाचे आकडे घालून स्वतः करून पाहा.