जुन्या ट्रेलरची चाके

परवा एक ओळखीची नस्ती पुन्हा माझ्या टेबलावर आली. विषय : लो-बेड ट्रेलरची चाके, हब व टायर बदलणे. ट्रेलर २०१४ सालचा, ईशान्येकडील एका डोंगरी रस्त्याच्या कामावरचा. दरड कोसळली की बुलडोझर याच्यावर चढवून नेतात. २०२२ मध्ये याच नस्तीवर ‘नवीन ट्रेलरच्या प्रस्तावासोबत विचार व्हावा’ असा शेरा मारून मी ती परत धाडली होती. नवीन ट्रेलर काही आला नाही.

मधल्या काळात काय घडले ते सांगतो. या ट्रेलरला १०.००-२० मापाचे, ट्यूब आणि फ्लॅपवाले टायर आहेत. त्यांची रिम अनेक भागांची. टायर जागेवर धरून ठेवते ती एक पोलादी लॉक रिंग. रिंग गंजली किंवा खाचेत नीट बसली नाही, तर हवा भरताना ती गोळीसारखी सुटते. म्हणूनच असे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची असते. आमच्याकडे पिंजरा नव्हता. मदतनीसाचे मनगट मोडले.

बिनट्यूबच्या २२.५ इंची चाकाची रिम अखंड असते. उडायला रिंगच नाही. खिळा घुसला तरी हवा बहुधा हळूहळू जाते. मात्र नुसती रिम बदलून भागत नाही. जुन्या हबवरील स्टडांचे वर्तुळ नव्या चाकाशी जुळेलच असे नाही, आणि झिजलेल्या बेअरिंगवर नवे टायर चढवणे म्हणजे पैसे ग्रीसमध्ये घालणे. हब, बेअरिंग, चाक, टायर असा संचच बदलावा, तोही ब्रेक ड्रमपासूनचे अंतर मोजून.

लेखा शाखेचा आक्षेप तर्कशुद्ध आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. म्हणजे २०२९ मध्ये हा ट्रेलर भंगारात. मग खर्च कशाला? अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून माझे उत्तर असे : ट्रेलरवर आजवर गेलेला पैसा आणि त्याचे वय हिशेबात धरूच नये. उरलेल्या वर्षांतील ट्यूबा, फ्लॅप आणि दरडीपाशी खोळंबलेल्या बुलडोझरचे दिवस मांडावेत. यातला शेवटचा आकडा कोणत्याच लेखाशीर्षात बसत नाही, म्हणून तो कुणी मांडत नाही. किरकोळ दुरुस्तीची बिले दरमहा निमूट मंजूर होतात. एकरकमी खर्च दिसला की सगळे चष्मा पुसू लागतात. (मीही पुसला होताच.)

एक इशारा मात्र टिपणीत लिहिला. २०१८ मध्ये केंद्राने आठ टायरांच्या जोड-ॲक्सलची भारमर्यादा १९ वरून २१ टन केली. नव्या चाकांच्या भरवशावर कुणी जुन्या ॲक्सलवर ते दोन टन चढवू नयेत. ॲक्सल आणि स्प्रिंगपाटे २०१४ चेच आहेत.

या वेळी सही केली. वित्त शाखेने लगेच विचारले आहे की जुन्या रिमांचे भंगारमूल्य किती धरावे. मी कळवले : वजनावर जे येईल ते, पण लॉक रिंगा आधी गॅस-कटरने कापाव्यात आणि मगच विकाव्यात, नाहीतर त्या दुसऱ्या कुणाच्या चाकावर चढतील. कापण्याच्या मजुरीला मंजुरी कोणाची, हे पत्र आज आले.