बोट की बोगदा?

मंडळी, आमच्या घरात सध्या एकच वाद आहे. लंडनच्या पुतण्याने गाडी घेऊन फ्रान्सला जायचे, ते डोव्हरहून बोटीने की समुद्राखालच्या बोगद्याने? १९९४ पासून त्या बोगद्यातली आगगाडी मोटारीसकट ३५ मिनिटांत पलीकडे पोचवते. बोटीला दीडेक तास लागतो.

"बोटीतली मजा बोगद्यात नाही" म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पुतण्यापुढे दोन वाटा आहेत. त्याने खुशाल निवडावी. भांडण आहे ते हेच वाक्य आपल्या तापोळ्याच्या तराफ्याला चिकटवून "तिथे पूल कशाला?" विचारणाऱ्यांशी.

कोयनेचे धरण झाले, शिवसागर भरला आणि खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. आपण तराफ्यावर गाडी चढवून फोटो काढतो. पलीकडच्यांनी मात्र वर्षानुवर्षे आजारी माणूस लाँचमधून अलीकडे आणला. त्यांना कुणी विचारले होते, बोट की पूल?

सांगलीकरांनो, १९२९ मध्ये कृष्णेवर आयर्विन पूल झाला, तेव्हा नावेची मजा गेली म्हणून तुमचे आजोबा रडले होते का?

ज्यांच्या पाण्यावर आपले दिवे लागतात, त्यांची गैरसोय ही आपली सहल नव्हे. आधी पूल, मग हौसेला तराफा आहेच.