दिव्यावर चिकटपट्टी

तुम्ही म्हणाल, सबमिशनच्या आठवड्यात हा काय विषय काढला? ज्यांच्या खिशात वेस्टर्नचा सेकंड क्लासचा पास आहे, त्यांना स्पोर्ट्स कारच्या टायरचं काय पडलंय! खरं आहे. माझ्याही खिशात पासच आहे. पण माझ्या मामाचं बोरीवली पूर्वेला, हायवेला लागून टायरचं दुकान आहे आणि रविवारी मी तिथे बसतो. (व्हायवाची तयारी करण्यापेक्षा केव्हाही बरं.) तिथे जे बघितलं त्यावरून माझं एक ठाम मत झालंय, ते सांगतो.

एका रविवारी लाल रंगाची, दोन दारांची परदेशी गाडी आली. सेकंड हॅण्ड, दहा-बारा वर्षं जुनी, पण आवाज असा की शेजारचा चहावालासुद्धा बाहेर आला. मालक उतरले आणि म्हणाले, "काका, चारही टायर नवीन टाकायचेत. आणि तो डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तेवढा बंद करून द्या. नाहीतर काळी चिकटपट्टी द्या, मीच लावतो वरून!"

त्यांना हसायचं कारण नाही. सर्व्हिस सेंटरने चार सेन्सरचा जो आकडा सांगितला होता, त्यात एक बरीशी जुनी बाईक आली असती. माणूस चिकटपट्टी मागणारच.

हा दिवा म्हणजे टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, टीपीएमएस. प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या मागे रिमला धरून एक छोटी डबी असते. तिच्यात प्रेशर आणि तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय हे ओळखणारा अ‍ॅक्सिलरोमीटर, छोटा रेडिओ ट्रान्समीटर आणि एक बटण-सेल. डबी आपला नंबर आणि हवेचं प्रेशर गाडीला कळवत राहते. सेल पाच ते दहा वर्षं पुरतो आणि मग मरतो. गंमत पुढे आहे. सेल रेझिनमध्ये गाडलेला असतो. घड्याळाचा सेल बदलतो तसा हा बदलता येत नाही, अख्खी डबीच फेकायची!

मग चिकटपट्टीत बिघडलं काय? गाडी चालू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग तसाच राहिला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ सिस्टीममध्येच बिघाड असा असतो. लुकलुकल्याशिवाय लागला तर हवा कमी. एक सेन्सर मेला की दिवा कायमचाच पेटलेला. उद्या दुसऱ्या चाकात खरंच खिळा घुसला तरी दिवा तोच, तसाच. त्यात स्पोर्ट्स कारचे टायर लो-प्रोफाइल. हवा बरीच उतरली तरी डोळ्यांना टायर भरलेलाच दिसतो. लाथ मारून हवा ओळखायची आपली राष्ट्रीय पद्धत इथे चालत नाही. शिवाय अशा अनेक गाड्यांत स्पेअर चाकच नसतं. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून स्पेअरशिवाय गाडी विकायला परवानगी दिली, पण अट घातली की टीपीएमएस आणि ट्यूबलेस रिपेअर किट हवं. म्हणजे ज्या गाडीत पाचवं चाक नाही, तिचा वॉचमन हा दिवाच. वॉचमनच्याच तोंडाला पट्टी?

हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, तापते, आणि वेगात फुटते. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, तेव्हा फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांत अडीचशेहून जास्त माणसं गेली होती. त्यानंतरच तिथे टीपीएमएसचा कायदा झाला आणि २००७ पासून सगळ्या नव्या कारना तो लागू झाला. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, रस्ता सरळसोट आणि ऊन विदर्भाचं. टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये आरटीओने महामार्गावर शिरतानाच टायर तपासायला आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत फिरवायला सुरुवात केली. बोरीवलीतल्या ट्रॅफिकमध्ये हा दिवा नसला तरी चालेल. पण लाल गाडी कोणी बोरीवलीत चालवायला घेत नाही.

आता मामाने काय केलं. त्याने आधी हातात मावणाऱ्या यंत्राने चारही सेन्सर वाचले. हे यंत्र १२५ किलोहर्ट्झची हाक देऊन झोपलेल्या सेन्सरला उठवतं. तीन बोलले, एक मेलेला. मग त्याने युनिव्हर्सल सेन्सर मागवले. हे कोरे येतात, त्यात जुन्याचा नंबर कॉपी करता येतो. गाडीला वाटतं आपलाच जुना माणूस परत आला! गाडीला वेगळं शिकवायची गरज नाही, सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरची गरज नाही. चौथ्याचा नंबर नशिबाने डबीवर छापलेला होता. तोही वाचता आला नसता, तर गाडीला नवा नंबर शिकवत बसावं लागलं असतं. म्हणून मामाचं म्हणणं, सेन्सर पूर्ण मरायच्या आधी या. फ्रिक्वेन्सी मात्र तपासून घ्यावी लागते: ३१५ मेगाहर्ट्झची गाडी आणि ४३३ चा सेन्सर असेल तर जन्मात बोलणं होणार नाही.

चारही एकदमच बदलले. एक गेला म्हणजे बाकीचे त्याच वयाचे, आणि टायर तर खोललेलेच होते, त्यामुळे खोलण्या-बसवण्याची आणि बॅलन्सिंगची मजुरी पुन्हा पडली नाही. सगळं मिळून सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

मध्ये एक गोष्ट बघितली ती केमिस्ट्रीच्या मॅडमना दाखवायला हवी होती. एका चाकाची व्हॉल्व्हची पिन निघेचना. देठ अ‍ॅल्युमिनियमचा आणि मागे कोणीतरी साधी पितळी पिन घातलेली. दोन धातू आणि आपली खारी हवा, झाली गॅल्व्हानिक सेल तयार! पिन आत कायमची चिकटली. निकेलचा मुलामा दिलेली पिन किरकोळ किमतीत मिळते.

तुम्ही विचाराल, इंजिनिअर ना तू, मग नुसता सेल का नाही बदललास? केला प्रयत्न! एक जुना सेन्सर कोरला, नवीन सेल बसवला, वर इपॉक्सी ओतलं. टेबलावर झकास चालला. मामाने हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "अरे, हा तुझ्या प्रोजेक्टला लाव. गिऱ्हाइकाच्या चाकात नाही." मला राग आला. रात्री गणित मांडलं. ताशी १२० ला चाकाचा कोनीय वेग सेकंदाला सुमारे १०० रेडियन, सेन्सर केंद्रापासून साधारण २३ सेंटिमीटरवर. त्वरण येतं गुरुत्वाकर्षणाच्या २३०-२४० पट! तीन ग्रॅमचा सेल पाऊण किलोच्या जोराने ओढला जातो. सकाळी मामाला काही बोललो नाही.

म्हणजे रेझिन ओतण्यामागे कारण आहे, मान्य. पण माझं मत असं की कारण आहे म्हणून प्रश्न संपत नाही. २४० जी सहन करणारी, पाणी आत न घेणारी आणि तरीही उघडता येणारी सेलची डबी करणं अशक्य आहे का? चांगल्या चालणाऱ्या चिपा दर दहा वर्षांनी एका सेलपायी कचऱ्यात जातात, हे कोणाच्याच डिझाइनमध्ये का खटकत नाही? आपण मात्र फायनल इयरला पुन्हा एकदा लाइन फॉलोअर रोबो करतो, तोही लॅमिंग्टन रोडवरून तयार आणून.

जुने चारही सेन्सर मामाने मला दिलेत. एक मी कोरून वाया घालवला, तीन शाबूत आहेत. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये माझ्या लॉकरात ठेवलेत. कोणाला डबीचं डिझाइन करून बघायचं असेल तर या. फक्त सेलला थेट सोल्डरिंग लावू नका, लिथियम आहे. आणि येताना चहा तुमच्याकडून.