लघवीचा रस्ता किती वेळा मोठा करायचा?

लघवीची धार बारीक झाली की आपल्याकडे घरच्या घरी दोनच निदाने होतात. वय पन्नाशीपुढचे असेल तर प्रोस्टेट आणि तरुण असेल तर उष्णता! पहिला ओळखीच्याच्या गोळ्या घेतो, दुसरा सब्जाचे पाणी पितो. या दोहोंच्या आड एक तिसरा आजार दडून राहतो. तो म्हणजे मूत्रमार्ग अरुंद होणे. डॉक्टर त्याला ‘स्ट्रिक्चर’ म्हणतात.

पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो, स्त्रीचा जेमतेम ४. म्हणून हा आजार मुख्यतः पुरुषांचा. मार्गाच्या आतील नाजूक अस्तराला इजा झाली की ती भरताना व्रण तयार होतो, आणि व्रण आकसतो. मोटारसायकलच्या अपघातात कंबरेचे हाड मोडणे, पाय फाकून एखाद्या कठीण वस्तूवर आदळणे, बळजबरीने घातलेली किंवा फार दिवस ठेवलेली लघवीची नळी, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, जुना परमा, शिश्नाची कातडी पांढरी पडून आवळणारा त्वचारोग ही त्याची प्रमुख कारणे.

धार बारीक होते वा फाटते, कुंथावे लागते, मागाहून थेंब गळतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो. लाजेपोटी अंगावर काढल्यास मूत्राशयात खडे होतात आणि शेवटी मूत्रपिंडांवर बेतते.

माझे मुख्य म्हणणे उपचाराविषयी आहे. वैजापूर, सिल्लोडकडून येणारे काही रुग्ण मोठ्या समाधानाने सांगतात, “डॉक्टरसाहेब, दर सहा महिन्यांनी रस्ता मोठा करून आणतो, मग बरं असतं.” हे बरे असणे फसवे आहे. सळई घालून व्रण ताणला की तो थोडा फाटतो, आणि भरताना पुन्हा आकसतो. असे वारंवार केल्याने आखूड व्रण लांब होत जातो. दुर्बिणीतून छेद देण्याचेही तेच. पहिल्यांदाच झालेल्या, दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड अडथळ्याला हे उपचार एकदा करून पाहणे योग्यच. पण एकदा फसल्यावर तेच पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली हाच सल्ला दिला.

मग करायचे काय? युरेथ्रोप्लास्टी, म्हणजे मूत्रमार्गाची दुरुस्ती. अडथळा आखूड असेल तर तेवढा भाग काढून दोन्ही टोके जोडतात. लांब असेल तर गालाच्या आतील अस्तर काढून मूत्रमार्गाला लावतात. या शस्त्रक्रियेत आपल्या महाराष्ट्राचे नाव जगात झाले आहे. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी इटलीच्या डॉ. बार्बाग्ली यांच्यासह, मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून हे अस्तर बसविण्याची पद्धत २००९ साली प्रसिद्ध केली. ‘कुलकर्णी पद्धत’ म्हणून ती परदेशातही ओळखली जाते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाणाऱ्यांची तोंडे मी रोज पाहतो. गालाचे अस्तर ताठ आणि पांढरे पडलेले असते. उद्या मूत्रमार्गासाठी तेच लागले तर ते उपयोगाचे राहत नाही!

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. धार बारीक झाल्यास मूत्ररोगतज्ज्ञाकडून धारेचा वेग मोजून घ्यावा आणि मार्गात औषध सोडून काढलेला एक्स-रे करावा. अडथळा कुठे व किती लांब, हे कळल्याशिवाय सळईला होकार देऊ नये. अपघातानंतर लघवीच्या जागी रक्त दिसत असेल तर वाटेत कोणाला नळी घालू न देता रुग्णाला थेट घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. खर्चाची चिंता असल्यास महात्मा फुले जनआरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

एकदा रस्ता मोठा करूनही तक्रार परतली, तर डॉक्टरांना सरळ विचारा, “कायमची दुरुस्ती होईल का?” हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.