कबरीवरचं सिमेंट

अब्बांच्या कबरीला ग्रॅनाइट मीच बसवलं. 2009 साली. चारी बाजूंनी काळा कठडा, मध्ये सिमेंटचा कोबा, उशाला उर्दू आणि मराठीत कोरलेली पाटी. धाकटा भाऊ म्हणाला होता, "भाई, आता कशी अब्बांना शोभेल अशी झाली." मलाही तसंच वाटलं होतं.

गेल्या पावसाळ्याआधी अम्मी गेली. तिच्यासाठी जागा शोधत गोरकन चाचा, म्हणजे आमच्याकडे कबरी खोदणारे, तासभर फिरत होते. जिथं पहार मारावी तिथं कुणाचा कठडा, कुणाचं काँक्रीट. शेवटी ओढ्याकडच्या भिंतीला लागून, पाणी साचतं त्या कोपऱ्यात तिची कबर खोदली. परतताना चाचा एवढंच म्हणाले, "तुमच्या अब्बांची कबर कच्ची असती ना, तर अम्मीला तिथंच शेजारी घेतलं असतं. कठड्यानं दीड कबरीची जागा खाल्लीय."

हल्ली पर्यावरणपूरक अंत्यविधीची बरीच चर्चा होते. इंग्लंडमध्ये कार्लाइल इथं 1993 साली पहिलं 'नैसर्गिक' दफनस्थळ सुरू झालं. मृतदेहाला रसायनं टोचायची नाहीत, पेटी किंवा कापड मातीत विरघळणारं हवं, दगडी बांधकाम नाही, वर झाड लावायचं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यानं 2019 मध्ये देहाचं खत करण्याला कायद्यानं परवानगी दिली. अशी बातमी आली की आमच्या ग्रुपवर लगेच फिरते. खाली कुणीतरी अभिमानानं लिहितं, 'बघा, इस्लामनं हे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं.'

सांगितलं, खरं आहे. पण आपण ऐकलं का?

पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच, साधं सुती कफन. पेटीची गरज नाही. उशीर न करता मातीत ठेवायचं. कबरीचा उंचवटा वीतभर. कबरीला गिलावा करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, ही मनाई सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर यांच्या रिवायतीत स्पष्ट आहे. खूण हवी तर पैगंबरांनी उस्मान बिन मज़ऊन यांच्या कबरीच्या उशाला एक दगड ठेवला होता, तेवढं पुरे. हजरत अबूबकर यांनी तर आपल्याला जुन्याच कपड्याचं कफन द्या, नव्याची गरज जिवंतांना जास्त असते, असं सांगून ठेवलं होतं. यात लाकूड जळत नाही, धूर होत नाही, आणि काही वर्षांनी तीच जमीन पुन्हा दुसऱ्याच्या कामी येते. या विधीला वेगळा पर्याय शोधायची गरजच नाही, तो स्वतःच पर्याय आहे. आपण मात्र त्यावर सिमेंट ओतून, पॉलिस्टरची जरीची चादर घालून आणि अगरबत्तीची प्लास्टिकची पाकिटं टाकून त्याचा उकिरडा केला आहे.

कुणी लगेच म्हणेल, हा वहाबी झाला. मी दर्ग्यात जातो, उरुसाला जातो, तिथल्या कव्वालीवर माझा जीव आहे. माझं भांडण औलियांच्या मजारींशी नाही. तुमच्या-माझ्या बापाच्या कबरीशी आहे. खुलताबादचं उदाहरण दिलं तर लोक भलत्याच वादात शिरतील, म्हणून दिल्लीचं देतो. शाहजहानची मुलगी जहानआरा निज़ामुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारात आहे. भोवती संगमरवराची जाळी आहे, पण कबर वरून मातीची आणि तिच्यावर गवत. बादशहाच्या मुलीला गवत चालतं, आणि तालुक्याच्या गावातल्या रिटायर्ड हेडमास्तरांना ग्रॅनाइट लागतं.

आता दुसऱ्या बाजूच्या वाचकांशी बोलतो. 'तुम्ही जमीन अडवता, सगळ्यांनी दहनच करावं,' हे मी अनेकदा ऐकलं आहे. ज्याला स्वतःहून दहन हवं असेल त्यानं ते जरूर करावं. 1977 मध्ये हमीद दलवाईंचं त्यांच्या इच्छेप्रमाणे दहनच झालं, तो त्यांचा हक्क होता. सक्ती ही वेगळी गोष्ट. 30 मार्च 2020 ला मुंबई महापालिकेनं कोविडच्या सगळ्या मृतांचं, धर्म कोणताही असो, दहनच करण्याचं परिपत्रक काढलं आणि काही तासांत मागे घेतलं. श्रीलंकेत हीच सक्ती 2021 च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. त्या दिवसांत मय्यत घरी असलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते मी इथं लिहू शकत नाही. शिवाय एका चितेला काही क्विंटल लाकूड लागतं, हेही हिशेबात धरा. मातीत जाणारा देह जमीन अडवत नाही. अडवतो तो कठडा.

आणि म्हणूनच हा आरोप झाला की माझी मान खाली जाते. तो आम्हीच खरा करून ठेवला आहे. मुंबईत गोवंडी-देवनारकडच्या कब्रस्तानांच्या जागेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्याही गावात दर दोन-तीन वर्षांनी नगरपालिकेला निवेदन जातं, 'कब्रस्तानाला जागा वाढवून द्या.' जागा मागायलाच हवी, लोकसंख्या वाढली आहे. पण निवेदनावर पहिली सही करणाऱ्याच्या खानदानाच्या सहा कबरी पक्क्या आहेत, दोन जागा तर जिवंत माणसांसाठी साखळी लावून राखून ठेवल्या आहेत. रिक्षावाल्याची, हमालाची मय्यत मात्र भिंतीकडे जाते. कफनात सगळे सारखे म्हणायचं आणि चाळीस दिवसांनी गवंडी बोलवायचा!

भावाचं म्हणणं असं, की पाटी नसेल तर नातवंडांनी फातेहा कुठं पढायचा? कुठूनही पढावा. आणि एक विचारतो. आमच्या गावात बायका कब्रस्तानात जात नाहीत. अब्बांच्या माघारी अम्मी सोळा वर्षं जगली, ते ग्रॅनाइट तिनं एकदाही पाहिलं नाही. मग ते मी बसवलं कुणासाठी? जुम्यानंतर तिथून जाणाऱ्या पुरुषांसाठी, ज्यांनी म्हणावं की मास्तरांच्या मुलांनी खर्च केला.

मी कब्रस्तान कमिटीला अर्ज दिला आहे. नवीन पक्कं बांधकाम बंद, राखीव जागा रद्द, हारांतल्या फुलांचं तिथंच खत, चादर हवी तर सुती, आणि ज्या घरांची तयारी असेल त्यांच्या जुन्या कबरींचे कठडे काढायचे. सुरुवात आमच्यापासून करा, असं लिहिलं आहे. ट्रस्टींपैकी दोघे हसले, एकानं अर्ज ठेवून घेतला. भाऊ दोन महिने माझ्याशी बोलत नाही. गवंडी म्हणतो, ग्रॅनाइट अख्खं निघेल, मोडणार नाही, मशिदीच्या वजूखान्यात बसायच्या कट्ट्याला लागेल. नाव कोरलेली पाटी तेवढी मी त्याला उलटी बसवायला सांगितली आहे.